अकरा चतकोर

अक्का, तू गेल्याला आज बारा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

घरी येणारं प्रत्येक माणूस तुझं कौतुक करतं. किती शिस्तीच्या, किती नीटनेटक्या, फळ्यावरचं अक्षर तर छापल्यासारखं. मी मान हलवते आणि पाण्याचे पेले भरते. परवा एक बाई दुसरीला म्हणाली, "भाची बोलत का नाही हो? मुकी आहे का?" मी मुकी नाही. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, हे तुला ठाऊक आहे. शिवाय मला जे बोलायचं आहे ते त्यांच्याशी नाहीच.

एक वाक्य होतं, अक्का. "लीला, तुझं उत्तर बरोबर होतं." एवढंच. दहा वर्षं तू आणि ती एकाच गावात राहिलात. धुळं काही मुंबई नाही. तू ते वाक्य न बोलता गेलीस, आणि ज्या बाईनं माझी प्रत्येक चूक लाल शाईनं दुरुस्त केली तिची ही चूक आता कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

मी बारा वर्षांची होते. जळगावच्या मिशनच्या शाळेत सगळं इंग्रजीतून चालायचं आणि अपूर्णांकांत मी नापास झाले होते. 'इम्प्रॉपर फ्रॅक्शन' म्हटलं की मला भीतीच वाटायची. इम्प्रॉपर हा शब्द मी फक्त फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला की ऐकला होता. आमच्या शाळेला नाताळची मोठी सुट्टी असे, तुमच्या शाळेला नसे. पपांनी प्रगतिपुस्तक पाहिलं, काही न बोलता मला धुळ्याच्या गाडीत बसवलं आणि कंडक्टरला सांगितलं, "हिला म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या बाईंकडे उतरवा." तू पपांची मोठी बहीण. ते अक्का म्हणत म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. मी तुला 'तुम्ही' म्हटलं तेव्हा तू म्हणालीस, "बेबी, 'तुम्ही' म्हणायला माझ्याकडे चाळीस पोरी आहेत. तू 'तू' म्हण."

पहिल्याच संध्याकाळी तू मला स्टोव्हसमोर बसवलंस. थंडी अशी की माझे दात वाजत होते. तू ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकऱ्या थापत होतीस आणि मी रडत रडत सांगत होते की अंश छेदापेक्षा मोठा असेल तर त्या संख्येत काहीतरी वाईट असतं.

"वाईट काय त्यात? वर जास्त आहे, खाली कमी आहे. आम्ही त्याला अंशाधिक म्हणतो. शिवी नाही देत."

मग तू तीन भाकऱ्या मोडल्यास. प्रत्येकीचे चार चतकोर. त्यातला एक चतकोर स्वतःच्या तोंडात टाकलास आणि उरलेले परातीत पसरलेस. "मोज."

"अकरा."

"अकरा चतकोर म्हणजे किती भाकऱ्या? जुळव."

मी जुळवल्या. चार चतकोरांची एक, चार चतकोरांची दुसरी, आणि तीन उरले. "दोन भाकऱ्या आणि तीन चतकोर."

"हे तुझ्या सिस्टरचं उत्तर झालं. अकराला चारने भागलं, दोन आले, तीन बाकी. आता माझं बघ. तिसरी भाकरी पुरी व्हायला काय कमी पडतं?"

"एक चतकोर."

"म्हणजे तीनला पाव कमी. पावणेतीन. झालं. भागाकार नाही, बाकी नाही."

"पण सिस्टर म्हणतात भागाकार दाखवलाच पाहिजे."

"सिस्टरला भाकरी करता येते का?"

मी हसले. अपूर्णांकांवर मी आयुष्यात पहिल्यांदा हसले. आपण ते अकरा चतकोर लसणाच्या चटणीशी खाल्ले, आणि जेवता जेवता तू मला पावकी म्हणायला शिकवलीस. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण. ती नव्या पुस्तकांतून काढून टाकली होती. पैसे आणि मापं दशमान झाली होती, आता पाव-पाऊण कशाला, असं वरचे लोक म्हणत होते. तू दार लावून घेऊन म्हणवून घ्यायचीस. मला वाटलं थंडीमुळे दार लावतेस.

हे मी विसरलेले नाही. आज मी गणितात पदवी घेतली आहे ती त्या परातीमुळे. मी कृतघ्न नाही. पण कृतज्ञता आणि राग एकाच माणसावर एकाच वेळी असू शकतात, आणि सध्या राग जास्त आहे.

दोन दिवसांनी तुझ्या वर्गाची तपासणी होती. घरी एकटीला सोडता येत नाही म्हणून तू मला बरोबर नेलंस. मी चौथीच्या मुलींच्या मागे, भिंतीला टेकून, पट्टीवर बसले. माझ्या पायांत मोजे आणि बूट होते. बाकी सगळ्यांचे पाय उघडे. मला ते बूट कुठे लपवू असं झालं होतं.

लीला दाराजवळ बसायची. दहा वर्षांची, काटकुळी, लाल रिबिनी. तिचे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचे. तू आदल्या दिवशी मला सांगितलं होतंस, "या पोरीला शिकवावं लागत नाही. नुसतं दाखवावं लागतं." तुझी रीत तिला जितकी येत होती तितकी मलाही येत नव्हती. सात पाव? पावणेदोन. तेवीस पाव? पावणेसहा. तू विचारायला तोंड उघडायचीस आणि तिचं उत्तर तयार.

साहेब आले. मोठ्या बाई त्यांच्या मागे. तू त्या दिवशी इस्त्रीची पांढरी साडी नेसली होतीस आणि तुझा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत होता. साहेबांनी फळ्यावर ११/४ लिहिलं.

"या अंशाधिक अपूर्णांकाचं पूर्णांकयुक्त अपूर्णांकात रूपांतर कोण करेल?"

त्यांचं वाक्य संपायच्या आत लीलाचा हात वर. "पावणेतीन."

"फळ्यावर करून दाखव."

ती गेली आणि तू शिकवलं होतंस तसं तिनं लिहिलं. दोनचा आकडा आणि त्याच्यापुढे तीन उभ्या रेघा, एकेक रेघ म्हणजे एकेक पाव. २॥। असं.

"हे काय आहे?"

"पावणेतीन, साहेब."

"हा शाळेचा फळा आहे का वाण्याची वही? भागाकार कुठाय? बाकी किती उरली?"

"बाकी नाही उरत साहेब. तीनमा पाव कमी शे."

"शे?" साहेबांनी मोठ्या बाईंकडे पाहून हसून घेतलं. "शे म्हणजे काय? शाळेत 'आहे' म्हणतात. काय म्हणतात?"

"आहे."

"हं. बाकी किती आहे?"

"बाकी नाही," लीला म्हणाली. "पाव कमी आहे."

मुली हसल्या. ती हसली नाही आणि घाबरलीही नाही, कारण तिला ठाऊक होतं की बरोबर आहे आणि हे शिकवणारी बाई तिथेच उभी आहे.

साहेब तुझ्याकडे वळले. "बाई, हे तुम्ही शिकवलंत?"

तू मान खाली घातली नाहीस. अडखळलीही नाहीस. मला अजून तो सरळ आवाज ऐकू येतो. "नाही साहेब. या मुली घरून असलं काहीतरी शिकून येतात."

लीलानं तुझ्याकडे पाहिलं. तू फळ्याकडे पाहत होतीस. मी लीलाकडे पाहत होते, म्हणून मला दिसलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असं वाटून माणूस थांबतं ना, पुन्हा ऐकू येईल म्हणून, तशी ती थांबली होती.

मग साहेबांना माझे बूट दिसले.

"ही कोण?"

"माझी भाची. जळगावला इंग्रजी शाळेत आहे."

"अरे वा. सांग बेटा, काय उत्तर?"

मी उभी राहिले. मला कोणी प्रश्न विचारला की त्यातून सुटायचा एकच मार्ग माहीत होता, उत्तर देऊन खाली बसणं.

"टू अँड थ्री क्वार्टर्स, सर."

"शाब्बास! याला म्हणतात शिक्षण. आणि हिला," त्यांनी खडूनं लीलाकडे दाखवलं, "हिला चौथीत कोणी बसवलं? तिसरीत पाठवा."

माझ्या आणि लीलाच्या उत्तरात काडीचा फरक नव्हता. दोन आणि तीन पाव. तीनला पाव कमी. वर्गात हे कळणारी निदान तीन माणसं होती. तू, मी आणि ती. पावणेतीनच्या बाजूनं बोलली फक्त ती, आणि तिला फळा पुसायला लावून बाहेर काढलं.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. तुला वाटलं पोट दुखतंय.

"तू खोटं बोललीस," मी म्हटलं.

"हळू बोल. भिंती पातळ आहेत."

"तू शिकवलंस तिला. मी ऐकलंय."

"मी हंगामी आहे बेबी. तीन वर्षं झाली. कायम होण्याचं पत्र आज लिहून गेलेल्या शेऱ्यावर यायचंय. नाही आलं तर मी कुठे जाऊ? तुझ्या पपांच्या घरी? स्वयंपाक करायला?"

मला हे तेव्हा नीट कळलं नाही. आज कळतं, आणि कळूनही राग जात नाही. तुझं घर, तुझे दोन पितळी डबे, खिडकीतली तुळस, स्वतःच्या नावावर येणारं टपाल, हे सगळं त्या शेऱ्यावर होतं. त्या दिवशी तू घाबरलीस हे मी तुला माफ करू शकले असते. पण तू पुढे काय म्हणालीस ते आठवतं?

"मला विचारतेस? तू का नाही बोललीस? तुला माहीत होतं ना दोन्ही एकच आहे? सांगायचं होतंस साहेबांना, हिचं नि माझं उत्तर एकच आहे म्हणून. तुझं ऐकलं असतं त्यांनी. इंग्रजीत सांगितलं असतंस तर नक्कीच ऐकलं असतं."

बारा वर्षांच्या मुलीवर टाकलंस तू ते, अक्का. आणि मला सगळ्यात जास्त चीड याची आहे की ते खरं होतं. खरं होतं म्हणून मी दहा वर्षं ते पाठीवर घेऊन फिरले. वर्गात, कॉलेजात, कोणी चुकीचं बोललं आणि मी गप्प बसले की मला तो वर्ग दिसायचा. तुला दिसायचा का? मला कधी कळलं नाही.

तुझं पत्र आलं. तू कायम झालीस. होळीला जळगावला आलीस तेव्हा पेढे घेऊन आलीस. मी विचारलं, "लीला?" तू म्हणालीस, "तिसरीत पंधरा दिवस आली. मग वडिलांनी काढली. मोठ्या पोरीला बारक्या पोरींत बसवायचं म्हणून लाज वाटली त्यांना." आणि पेढ्यांचा पुडा पुढे केलास. मी पेढा खाल्ला नाही. तू म्हणालीस, "किती मनात ठेवतेस गं." जणू दोष माझ्या मनाचा होता.

तू मला मराठी लिहायला शिकवलंस, तेही पत्रांतून. मी लिहायचे, तू माझंच पत्र लाल शाईनं सुधारून उत्तरासोबत परत पाठवायचीस. मी चौदा वर्षांची असताना स्पष्ट लिहिलं होतं, "तू लीलाला सांगितलस का?" ते पत्र परत आलं. 'सांगितलस' वर तू अनुस्वार दिला होतास. उत्तरात गाईच्या दुधाबद्दल आणि नव्या पंख्याबद्दल चार ओळी होत्या. मी पुढच्या पत्रात तोच प्रश्न बरोबर अनुस्वार देऊन विचारला. त्यावर उत्तर आलं, "आता अक्षर सुधारतंय."

मधेच आपण गणितावरही भांडायचो. मी म्हणायचे, "पाचवे भाग आले की तुझी पावकी काय कामाची? सतरा पंचमांश? तिथे पावणे म्हणता येत नाही." तू म्हणायचीस, "तिथेही चारला किती कमी ते बघ. तीन पंचमांश कमी. नाव नाही म्हणून गोष्ट नाही असं होत नाही." मी म्हणायचे, हे लांबचं आहे. तू म्हणायचीस, लांबचं तुला, पोरींना नाही. कॉलेजात मला कळलं की तुझ्या रीतीत काही चूक नव्हती. मला ते तुला सांगायचं राहून गेलं. बघ, मीही 'तुझं बरोबर होतं' म्हणायला उशीर करणाऱ्यांतलीच.

आणि तुला बोलता येत नव्हतं असंही नाही! पपांनी माझं गणित थांबवून दोंडाईच्याच्या स्थळाला होकार द्यायचं ठरवलं तेव्हा तू सकाळच्या गाडीनं जळगावला आलीस. चप्पलसुद्धा काढली नाहीस. दिवाणखान्यात उभी राहून, पाहुण्यांसमोर म्हणालीस, "ही पोरगी बी.एस्सी. होईल. आणि ते थांबवायचं असेल तर आजपासून मी या घरचं पाणी पिणार नाही." पपा, जे ऑफिसात कोणाला घाबरत नाहीत, ते म्हणाले, "बस तर खरी, अक्का." पाहुणे चहा न घेता गेले. मी दाराआड उभी होते. मला तुझ्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच क्षणी ओरडावंसंही वाटलं, हा आवाज त्या दिवशी कुठे होता? माझ्यासाठी होता, तर लीलासाठी का नव्हता? ती तुझी कोणी लागत नव्हती म्हणून?

मी हे विचारलं नाही. मी शिकले. तुझ्यामुळे शिकले.

शेवटच्या आठवड्यात सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मी तुझ्याजवळ होते. दुपारची वेळ, नर्स नुकतीच सलाईन बदलून गेली होती. तू शुद्धीत होतीस, मला उशी नीट ठेवायला सांगत होतीस. मी ठरवून आले होते.

"अक्का, लीलाचं काय?"

"कोणती लीला?"

तू तोंड भिंतीकडे केलंस. मला वाटलं, आजारपण आहे, विसरली असेल. मी तुझ्या पायांवर पांघरूण घातलं. तीन दिवसांनी तू गेलीस. मी मनाला समजावलं की शेवटी शेवटी तिला आठवतच नव्हतं, विसरलेल्या माणसावर काय रागवायचं.

काल मी तुझ्या शाळेत गेले. तुझ्या कपाटातल्या वस्तू न्यायच्या होत्या. मोठ्या बाई आता दुसऱ्या आहेत, तरुण, हसऱ्या. त्या म्हणाल्या, शनिवारी शोकसभा आहे, घरच्यांपैकी तुम्ही चार शब्द बोला. मी नको म्हणणार होते. त्याऐवजी शिपाईबाईंना लीलाबद्दल विचारलं. त्यांना लगेच कळलं. "लीला ना? मिलच्या मागच्या चाळीत. शिवणकाम करते. मशीन दारातच आहे, दिसेल तुम्हाला."

ती दारातच होती. मशीनवर वाकून सुईत दोरा ओवत होती. बाजूला दीड-दोन वर्षांची मुलगी कापडाच्या चिंध्यांत बसली होती. मी काही बोलायच्या आत तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"बूटवाली," ती म्हणाली. "टू अँड थ्री."

"हो."

"बसा ताई. बाई गेल्या ते कळलं. यायचं होतं, पण पोरीच्या अंगात ताप होता."

मी बसले. दहा वर्षं घोकलेलं वाक्य होतं. शेवटी भिंतीकडे बघून म्हटलं, "लीला, तुझं उत्तर बरोबर होतं. त्या दिवशी. पावणेतीन."

तिनं दोरा ओवला. गाठ मारली.

"मग? माले माहीत नव्हतं का?" मग ती माझ्यासाठी थांबून शहरी मराठीत बोलली. "ताई, आमच्या घरी पाच खाणारे आणि तीन भाकऱ्या असायच्या. अकरा चतकोर म्हणजे किती, हे मला साहेब सांगणार?"

"मला वाटलं, तुला कोणी सांगितलं नसेल..."

"बरोबर होतं हे मला माहीत होतं. बाईंनाही माहीत होतं. मला फक्त हे कळलं नाही की बाई असं का म्हणाल्या. मी 'शे' म्हटलं म्हणून चिडल्या असतील असं वाटलं मला. साहेबांसमोर त्यांची लाज काढली असं वाटलं. पुष्कळ दिवस मी घरातही 'आहे' म्हणायची. माय हसायची मला."

मी म्हटलं, "अक्काला शेवटी आठवत नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाली, कोणती लीला."

लीलानं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"कोणती लीला? दिवाळीच्या आधी तर येऊन गेल्या."

"कुठे?"

"इथे. तुम्ही बसलात तिथेच. चार वर्षं झाली, ब्लाउज माझ्याकडेच टाकायच्या. वर्षातून दोनदा. बाजारात चांगले टेलर आहेत, मी काही एवढं चांगलं शिवत नाही. पहिल्यांदा आल्या तेव्हा मला वाटलं, आज बोलतील. नाही बोलल्या. मग मी वाट बघायला लागली. मापं घेताना मुद्दाम मोठ्यानं विचारायची, 'बाई, बाही पावणेसहा ठेवू?' आणि त्यांच्या तोंडाकडे बघायची."

"आणि?"

"म्हणायच्या, 'ठेव.'"

अक्का! तू तिच्या दारात जात होतीस. आठ वेळा तिनं तुझे खांदे मोजले, हात मोजले, तिचं डोकं तुझ्या छातीपासून वीतभर अंतरावर होतं आणि ती तुला विचारत होती. आठ वेळा तिनं तुला तो प्रश्न हातात आणून दिला. तू 'ठेव' म्हणालीस! आणि मला हॉस्पिटलात म्हणालीस, कोणती लीला. तू विसरली असतीस तर मी आज गप्प झाले असते. तू विसरली नव्हतीस. तुला एवढं आठवत होतं की तू गावातले सगळे शिंपी सोडून तिथे जाऊन बसायचीस. मग काय आडवं येत होतं? पत्र आलं होतं, नोकरी कायम होती, साहेब केव्हाच बदलून गेले होते. कोणाची भीती होती तुला त्या चाळीत? एका ब्लाउज शिवणाऱ्या मुलीची?

मी लीलाला म्हटलं, "अक्काच्या वतीनं मी माफी मागते. ती म्हणाली नाही, ते मी म्हणते. तुझं बरोबर होतं."

"नको," ती म्हणाली. रागानं नाही. नको असलेला चहा नाकारावा तसं. "तुमचं घेऊन मी काय करू? तुम्ही तेव्हा केवढ्याशा होतात. तुमच्याकडून मला काही नको होतं. ते बाईंनी म्हणायचं होतं. दुसऱ्यानं म्हणून चालत नाही."

पोरगी रडायला लागली. लीलानं तिला मांडीवर घेतलं आणि एका हातानं कापड सारखं करत राहिली. मी उठले.

"शनिवारी सभेत घरचं कोणी बोलणार म्हणे. शिपाईबाई सांगत होत्या सकाळी."

"मला बोलता येत नाही, लीला."

"चांगलंच बोला. बाई शिकवायच्या चांगलं. माझ्या पोरीलाही मी तसंच शिकवीन." ती पोरीच्या पाठीवर थोपटत होती. "पण हे गाळू नका."

"तू येशील?"

"येईन. मागं उभी राहीन. पोरगी रडली तर घेऊन जाता आलं पाहिजे."

म्हणून हे लिहून काढलं. तोंडानं बोलायला गेले तर माझा आवाज बसेल, म्हणून कागद हातात धरून वाचणार आहे. परातीतली भाकरी आहे यात, पपांसमोरचा तुझा आवाज आहे, माझं 'टू अँड थ्री क्वार्टर्स' आहे, आणि 'नाही साहेब' हेही आहे. तुझ्या मुली समोर बसतील. तू बोलायचं होतंस ते वाक्य तुझ्या वतीनं मी म्हणणार नाही, कारण ते मी म्हणून चालत नाही असं लीला म्हणाली आणि तिचं बरोबर आहे.

मी कागदावरून नजर वर केली की मला मागच्या दाराशी ती उभी दिसेल, कडेवर पोर घेऊन, माझ्या तोंडाकडे बघत. तिथे माझ्या जागी तू हवी होतीस, अक्का. तिच्या चाळीतून शाळेपर्यंत तिला घेऊन चालत आली असतीस तर वीस मिनिटं लागली असती.